मुस्तफाचा बोर्ड आणि संगणक, एकाच मशीनमध्ये

नव्वदच्या दशकात चिपळूण, रत्नागिरी, कुडाळ, सावंतवाडी अशा कुठल्याही बाजारपेठेत एखादं तरी व्हिडिओ गेम पार्लर असायचं. एस.टी.ला वेळ आहे म्हटलं की पोरं आधी तिकडे धावायची. त्या पार्लरांतली लाकडी मशीनं पुढे माळ्यावर, गोदामात, भंगाराच्या आवारात गेली. आता ती हळूहळू पुन्हा बाहेर निघताहेत. कुणी दापोली-गुहागरकडच्या होमस्टेच्या पडवीत ठेवायला घेतं, कुणी मे महिन्यात आणि गणपतीत गावी येणाऱ्या मुलांसाठी घरीच दुरुस्त करतं. मशीन घरात आलं की सगळ्यांचा प्रश्न एकच. आत जुना गेम-बोर्ड आहे, समजा 'मुस्तफा' या गाजलेल्या खेळाचा, तो टिकवायचाय. पण संगणक बसवला तर शेकडो गेम खेळता येतात असंही ऐकलंय. मालवणातल्या एका मित्राने सरळ विचारलं, "दोनय चालतले मां?"

चालतात. मात्र वायरिंग चुकलं तर ज्याची भरपाई होत नाही तीच वस्तू आधी जळते. संगणक गेला तर दुसरा आणता येतो, तीस वर्षांपूर्वीचा अस्सल बोर्ड आणता येत नाही. म्हणून आधी माझं मत सांगतो आणि मग त्याची कारणं. मशीनला दोन वायरिंग करू नका. वायरिंग एकच ठेवा, तेही जुन्या बोर्डासाठी असतं तसंच, आणि बोर्डाचं सोंग संगणकाला घ्यायला लावा.

रंगमंच एक, मंडळ्या दोन

दशावतारी नाटकाला गाव मंडप, पडदा, दिवे, माइक देतं. मंडळी आपलं नाटक घेऊन येते, रात्रभर खेळ करते आणि सकाळी पुढच्या गावाला जाते. दुसऱ्या रात्री त्याच मंडपात दुसरी मंडळी उभी राहते. गेमचं मशीन अगदी असंच आहे. लाकडी कपाट, मॉनिटर, जॉयस्टिक, बटणं, स्पीकर आणि पॉवर सप्लाय हा झाला मंडप. गेम त्यात कुठेच नसतो. गेम असतो आत पडलेल्या एका मोठ्या हिरव्या सर्किट बोर्डात, आणि तोच आपली मंडळी. बोर्ड बदलला की मशीन तेच राहतं आणि खेळ बदलतो.

हे शक्य झालं ते जपानमधल्या एका ठरावामुळे. आधी प्रत्येक कंपनीच्या बोर्डाची जोडणी वेगळी असायची आणि गेम बदलायचा म्हणजे अख्खं वायरिंग उपसायचं. मग तिथल्या मशीन-उत्पादकांच्या संघटनेने १९८५ मध्ये एक समान जोडणी ठरवली. संघटनेच्या इंग्रजी आद्याक्षरांवरून तिला 'जामा' म्हणतात. बोर्डाच्या एका कडेला सोनेरी किंवा कथिलाच्या पट्ट्या दिसतात, वरच्या बाजूला २८ आणि खालच्या बाजूला २८, मिळून ५६. कपाटातून आलेला वायरींचा गुच्छ, म्हणजे हार्नेस, एका लांबट कनेक्टरमध्ये संपतो आणि तो कनेक्टर या कडेवर दाबून बसवायचा. बस.

दोन मंडळ्या एकाच वेळी रंगमंचावर चढल्या तर काय होईल ते सांगायला नको. बोर्ड आणि संगणक एकाच वेळी एकाच वायरींना जोडले की नेमकं तेच होतं. कसं, ते कळण्यासाठी ५६ टोकांवर काय असतं ते थोडं पाहू.

छप्पन्न टोकांवर काय आहे

सुरुवातीची टोकं विजेची. वर-खाली मिळून चार टोकं ग्राउंडची, चार ५ व्होल्टची, मग वजा ५ व्होल्ट आणि १२ व्होल्ट. सातव्या जागी पट्टी नसते, तिथे खाच असते, म्हणजे कनेक्टर उलटा बसू नये. त्यापुढे कॉइन मोजणाऱ्या मीटरची वायर, स्पीकरच्या दोन, चित्राच्या लाल, हिरवी, निळी आणि सिंक. सिंक म्हणजे चित्राची ओळ कधी सुरू होते आणि नवं चित्र कधी सुरू होतं हे मॉनिटरला सांगणारा इशारा. मग कॉइन, स्टार्ट, दोन खेळाडूंच्या जॉयस्टिकच्या चार-चार दिशा आणि प्रत्येकी तीन बटणं. शेवटी पुन्हा ग्राउंड.

सातव्या जागेची खाच क्षुल्लक वाटते, पण बाजारात मिळणाऱ्या पुष्कळ कनेक्टरांत तिथे बसणारी प्लास्टिकची चकती नसतेच. ती नसली आणि कनेक्टर उलटा बसला, तर पहिलं टोक अठ्ठाविसाव्याच्या जागी जातं, सहावं तेविसाव्याच्या. सहाव्यावर १२ व्होल्ट असतात आणि तेविसाव्यावर दुसऱ्या बटणाची वायर. म्हणजे ५ व्होल्टवर चालणाऱ्या नाजूक चिपच्या तोंडात थेट १२ व्होल्ट जातात. ती चकती काही रुपयांची वस्तू आहे. आधी ती बसवा, बाकीचं नंतर.

बटण दाबल्यावर नेमकं काय होतं

बटण वीज 'पाठवतं' असं बहुतेकांना वाटतं. घरातल्या दिव्याच्या बटणाची सवय असल्यामुळे ते साहजिकही आहे. जामा मशीनमध्ये उलटं असतं. बोर्डावर प्रत्येक बटणाच्या वायरीला एका छोट्या रेझिस्टरमधून ५ व्होल्ट दिलेले असतात. बटण दाबलं की ती वायर ग्राउंडला टेकते आणि व्होल्टेज शून्यावर येतं. शून्य दिसलं की बोर्ड समजतो, खेळाडूने उडी मारली. म्हणून सगळ्या बटणांचं एक टोक एकाच ग्राउंड वायरीने माळेसारखं ओवलेलं असतं आणि दुसऱ्या टोकाची प्रत्येकाची वायर वेगळी असते.

आता कुणी म्हणेल, बटण तर नुसतं ग्राउंडला टेकवतं, मग त्याच वायरीला एक फांदी काढून संगणकाच्या यूएसबी बटण-कार्डाला जोडली तर काय बिघडलं? दिसायला सोपं आहे आणि अनेक जण हेच करतात. बिघडतं ते असं. संगणक चालू आहे आणि बोर्ड बंद आहे असं धरा. बंद बोर्डाच्या ५ व्होल्टच्या रेषेवर आता काहीच नाही, ती जवळजवळ शून्यावर आहे. त्यामुळे जो रेझिस्टर वायरीला वर धरून ठेवायचा, तोच आता तिला खाली ओढतो. संगणकाला वाटतं, सगळी बटणं दाबलेली आहेत. शिवाय संगणकाकडून येणारा थोडा प्रवाह उलट्या दिशेने बंद बोर्डात झिरपतो आणि चिप अर्धवट जाग्या होतात.

रास्पबेरी पाय वापरणाऱ्यांनी तर इथे फार जपावं. हा पत्त्यांच्या जोडाएवढा छोटा संगणक स्वस्त आणि सोयीचा आहे, पण त्याच्या पिना ३.३ व्होल्टच्या आहेत आणि ५ व्होल्ट त्यांना सोसत नाहीत. जुन्या बोर्डाच्या बटण-वायरीवर ५ व्होल्ट असतात. ती वायर थेट पायच्या पिनेला जोडली तर पाय मरू शकतो, आणि बटणाला हातही लावावा लागत नाही.

संगणकाने बोर्डाचं सोंग घ्यायचं ते कसं

उपाय सरळ आहे. फांद्या काढू नका. कपाटातला हार्नेस आहे तसा राहू द्या आणि संगणकाच्या बाजूला असं एक कार्ड लावा, ज्याच्या कडेला जामाच्या त्याच ५६ पट्ट्या आहेत. अल्टिमार्क या ब्रिटिश कंपनीचं 'जे-पॅक' हे यातलं जुनं आणि नावाजलेलं कार्ड. त्याच्या एका अंगाला हार्नेसचा कनेक्टर बसतो, दुसऱ्या अंगाने यूएसबी आणि व्हीजीए केबल संगणकाला जातात. बटण दाबलं की कार्ड संगणकाला सांगतं, कीबोर्डवरची अमुक कळ दाबली गेली. रास्पबेरी पायसाठीही अशी जामा-कार्डं मिळतात.

संगणकावर जे सॉफ्टवेअर चालतं त्याला एम्युलेटर म्हणतात. म्हणजे जुन्या बोर्डावरच्या प्रत्येक चिपची हुबेहूब नक्कल करणारा प्रोग्राम. यातलं सगळ्यात मोठं नाव 'मेम'. निकोला साल्मोरिया या इटालियन प्रोग्रामरने फेब्रुवारी १९९७ मध्ये ते पहिल्यांदा प्रसिद्ध केलं आणि २०१६ पासून ते पूर्णपणे मुक्त परवान्याखाली आहे. गेम मात्र त्यात नसतात. जुन्या चिपमधला मजकूर, ज्याला रॉम म्हणतात, तो वेगळा लागतो. त्याबद्दल पुढे बोलूच.

एका खेळातून दुसऱ्यात जायचं कसं? मशीन बंद करा, कनेक्टर बोर्डावरून काढा, संगणकाच्या कार्डावर बसवा, चालू करा. मागचं दार उघडावं लागतं, एवढाच त्रास. हे नको असेल तर जामा स्विचर मिळतात. एका बाजूला हार्नेस, दुसऱ्या बाजूला दोन किंवा जास्त बोर्डांच्या जागा, आणि कोणता चालवायचा ते निवडायची सोय. होमस्टेमध्ये पाहुण्यांनी मागचं दार उघडू नये, तिथे स्विचर ठीक. घरच्यासाठी मी हातानेच कनेक्टर बदलायला सांगेन. जोड जितके कमी तितके बिघाड कमी, आणि आपल्या दमट हवेत या वाक्याला दुप्पट वजन आहे. कनेक्टर काढता-घालताना वीज बंदच हवी, याला अपवाद नाही.

चित्राची बाजू सगळ्यात अवघड

बटणांचं जमलं म्हणजे काम झालं असं वाटतं आणि मग लोक चित्रापाशी अडतात. इथे जरा थांबून समजून घ्यायला हवं.

जुन्या काचेच्या नळीच्या मॉनिटरमध्ये एक किरण डावीकडून उजवीकडे ओळ काढतो, परत येतो, पुढची ओळ काढतो. एका सेकंदात तो किती ओळी काढतो त्यावर सगळं अवलंबून आहे. जुन्या गेम-बोर्डांसाठी हा आकडा साधारण १५,७०० असतो, म्हणून त्यांना १५ किलोहर्ट्‌झचे मॉनिटर म्हणतात. संगणकाचा साधा व्हीजीए सिग्नल साधारण ३१,५०० ओळींचा, जवळजवळ दुप्पट. दुप्पट वेगाचा सिग्नल जुन्या मॉनिटरला दिला तर चित्र फाटलेलं, तिरकं दिसतं आणि ओळी काढणारा भाग तापून जळूही शकतो.

म्हणून संगणकालाच १५ किलोहर्ट्‌झमध्ये चित्र काढायला शिकवावं लागतं. एएमडी कंपनीच्या काही ग्राफिक्स कार्डांसाठी 'सीआरटी एमूड्रायव्हर' नावाचा बदललेला ड्रायव्हर आहे आणि त्याच्या जोडीला मेमची 'ग्रूव्हीमेम' ही आवृत्ती आहे. ती प्रत्येक गेमला हवा तोच वेग मॉनिटरला देते. तरी एक भोक उरतं. संगणक चालू झाल्यावर पहिले काही क्षण, विंडोज सुरू होण्याआधी, तो ३१ किलोहर्ट्‌झमध्येच बोलतो. जे-पॅकसारखं कार्ड हा चुकीचा सिग्नल मॉनिटरपर्यंत पोहोचूच देत नाही. शिवाय संगणकाचा रंगांचा सिग्नल ०.७ व्होल्टचा, गेम-बोर्डाचा त्याच्या कितीतरी पट जोरकस. तो वाढवला नाही तर चित्र अंधारलेलं दिसतं. आणि संगणक आडवी-उभी सिंक दोन वायरींवर देतो, जामाला ती एकाच वायरीवर हवी. ही तिन्ही कामं कार्ड करतं. नुसत्या बटणांसाठी त्याची किंमत जास्त वाटते, पण खरी किंमत या कामांची आहे.

काचेचा मॉनिटर नसेल, किंवा मीठ-पावसाने गेला असेल, तर एलसीडी. मग प्रश्न उलटा होतो. संगणकाला काहीच अडचण नाही, तो एचडीएमआयने थेट जोडा. जुन्या बोर्डाचा १५ किलोहर्ट्‌झचा सिग्नल मात्र बहुतेक एलसीडींना कळत नाही, तेव्हा मध्ये एक रूपांतर करणारं कार्ड लागतं. 'जीबीएस-८२००' हे त्यातलं स्वस्त आणि सहज मिळणारं. ते बोर्डाचं चित्र व्हीजीएत बदलून देतं. एलसीडीला व्हीजीए आणि एचडीएमआय अशी दोन्ही इनपुट असतील तर चित्र बदलायला रिमोटचं एक बटण पुरे, आणि कार्ड फक्त बटणांपुरतंच लागतं. पहिल्यांदाच करणाऱ्याला मी हाच मार्ग सुचवेन.

पण काचेच्या मॉनिटरवर जे दिसतं ते एलसीडीवर येत नाही, हेही सांगायला हवं. नुसती चव किंवा आठवण एवढाच हा मुद्दा नाही. जुने बोर्ड सगळे ६० चित्रं प्रति सेकंद चालत नाहीत. कॅपकॉम या जपानी गेम-कंपनीचे बोर्ड साधारण ५९.६ ला चालतात, निओ-जिओ नावाचे बोर्ड ५९.२ ला, १९९२ चा मॉर्टल कॉम्बॅट हा गेम तर ५४.७ ला. साध्या एलसीडीचा वेग ६० ला बांधलेला असतो, त्यामुळे मधूनमधून चित्राला हिसका बसतो. काचेचा मॉनिटर बोर्डाच्या मागे मुकाट चालतो. एलसीडी शिवाय चित्र आधी साठवून मग दाखवते. एक चित्र म्हणजे साधारण १६.७ मिलिसेकंद. अशी दोन-तीन चित्रं मागे पडली की हात आणि डोळा यांत फट पडते. हात सरावलेल्या खेळाडूला ती लगेच जाणवते.

हे वाचून हात लावायच्या आधी

काचेच्या मॉनिटरच्या मागे, नळीला लावलेल्या रबरी टोपीखाली, वीस हजारांहून जास्त व्होल्ट असतात आणि प्लग काढल्यावरही तो भार काही काळ राहतो. तिथे जुन्या, अनुभवी टीव्ही मेकॅनिकलाच हात घालू द्या. कोकणातल्या प्रत्येक तालुक्याच्या गावी असा एखादा जाणकार अजून आहे, त्यांची विद्या ते असेतो वापरून घ्यावी.

दुसरी गोष्ट आयसोलेशन ट्रान्सफॉर्मरची, म्हणजे घराची वीज आणि मशीनची वीज यांत थेट जोड राहू न देणाऱ्या ट्रान्सफॉर्मरची. पुष्कळ जुन्या मॉनिटरांचं आतलं सर्किट थेट घराच्या विजेशी जोडलेलं असतं. मध्ये आयसोलेशन ट्रान्सफॉर्मर नसेल तर गेम-बोर्डाचं ग्राउंड, त्याच्यासोबत संगणकाचं ग्राउंड, सगळंच जिवंत होऊ शकतं. जपान-अमेरिकेतून आलेली मशीनं १०० किंवा १२० व्होल्टची असतात. आपल्या २३० ला ती चालवायला लोक बाजारातून स्टेप-डाउन आणतात. ते बहुतेक ऑटो ट्रान्सफॉर्मर असतात, व्होल्टेज कमी करतात पण वीज वेगळी करत नाहीत. स्टॅबिलायझरचंही तेच. आयसोलेशन वेगळं, स्टेप-डाउन वेगळं.

तिसरी, अर्थिंग. जांभ्याच्या कोरड्या कातळात अर्थिंग चांगलं लागत नाही, कोळसा-मीठ घालून केलेला खड्डाही एप्रिल-मेमध्ये सुकतो. कॉइनचं दार आणि पत्र्याचं कंट्रोल पॅनल अर्थला जोडलेलं हवं आणि लाइनवर ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी, म्हणजे वीज गळली की लाइन तोडणारा स्विच, हवा. समुद्रात डुंबून ओल्या हाताने पोरं थेट मशीनवर येतात. यावर खर्च करताना काटकसर करू नका.

पाच व्होल्ट बोर्डापर्यंत पोहोचतात का

"सप्लायवर मोजले तर ५ व्होल्ट येतात, तरी गेम मध्येच रिसेट होतो" ही तक्रार किनाऱ्यावर जास्त ऐकू येते, आणि तिचं कारण हवेत आहे. जुना बोर्ड ५ व्होल्टवर ३ ते ५ अँपिअर सहज खातो. कनेक्टरच्या पट्टीवर खाऱ्या हवेने गंज चढला की तिथे थोडा अडथळा तयार होतो. समजा एकाच टोकातून ५ अँपिअर जाताहेत आणि अडथळा फक्त ०.०५ ओहम आहे. गुणाकार करा, ०.२५ व्होल्ट वाटेतच संपले. बोर्डाला मिळाले ४.७५. त्या काळच्या टीटीएल चिपना चालायला किमान एवढेच लागतात. फ्रीज सुरू झाला, लाइन जराशी हलली, की गेम पडला.

म्हणूनच जामात ५ व्होल्टला चार टोकं दिली आहेत. चारही जोडा, ग्राउंडचीही सगळी जोडा. एकाच टोकाला वायर लावून काम भागवणारे हार्नेस मी खूप पाहिले आहेत, त्यांतली पट्टी तापून काळी पडलेली असते. विजेच्या वायरी किमान ०.७५ ते १ स्क्वेअर एमएम घ्या, बटणांना बारीक चालतील. व्होल्टेज मोजायचं ते सप्लायवर नव्हे, बोर्डाच्या कडेवर, गेम चालू असताना. सप्लायवर एक छोटा स्क्रू असतो, त्याने ते ५.० ते ५.०५ वर आणा. पट्ट्या पांढऱ्या खोडरबराने पुसा, मग आयसोप्रोपिल अल्कोहोलने. पॉलिश पेपर लावू नका, मुलामा निघून जातो आणि पुढच्या पावसाळ्यात गंज दुपटीने येतो.

संगणकाला त्याचा स्वतःचा सप्लाय द्या. मशीनचे ५ व्होल्ट आणि संगणकाचे ५ व्होल्ट कधीही एकमेकांना जोडू नका, दोघांत समान असतं ते फक्त ग्राउंड. संगणकाच्याच सप्लायवर बोर्ड चालवू म्हणाल, तर वजा ५ व्होल्ट आजच्या संगणकी सप्लायमध्ये येत नाहीत. बहुतेक बोर्डांना ते लागत नाहीत, पण काही जुन्यांचा आवाज त्यावर चालतो.

वीज अचानक गेली तर बोर्डाचं काही बिघडत नाही. आली की काही सेकंदांत खेळ सुरू. रास्पबेरी पायचं मेमरी कार्ड मात्र अशा झटक्यांनी खराब होतं. जून ते सप्टेंबर दिवसातून कितीदा लाइट जाते ते आपण जाणतो. पायला छोटा यूपीएस द्या, किंवा त्यातली फाइल व्यवस्था फक्त वाचण्यापुरती ठेवा, म्हणजे लिहिता लिहिता तुटायचा प्रश्न उरत नाही.

आवाज

थोडक्यात. जामा बोर्ड स्वतःच आवाज मोठा करून देतो, त्याच्या दोन वायरी थेट स्पीकरला जातात. संगणकाचा आवाज क्षीण, त्याला छोटा अॅम्प्लिफायर लागतो. दोघांच्या वायरी एकाच स्पीकरवर एकत्र बांधू नका, एकाचा अॅम्प्लिफायर दुसऱ्याला जाळेल. मध्ये दोन्ही वायरी एकदम तोडणारा-जोडणारा स्विच ठेवा. काही बोर्डांत स्पीकरची वजा वायर ग्राउंडला नसते, म्हणून एकच वायर बदलून दुसरी समान ठेवणं चालत नाही. सगळ्यात सोपं म्हणजे संगणकासाठी दुसरा स्पीकर. कपाटात जागा असतेच.

चौथं बटण आणि तिसरा खेळाडू

जामाने दोन खेळाडू आणि तीन-तीन बटणं धरली होती. मग १९९१ मध्ये कॅपकॉमचा स्ट्रीट फायटर २ आला आणि सहा बटणं लागली. वरची तीन ठोशांची जामातून जातात, खालची तीन लाथांची बोर्डावरच्या वेगळ्या कनेक्टरमधून. आपल्याकडे ज्याला सगळे 'मुस्तफा' म्हणतात तो कॅडिलॅक्स अँड डायनोसॉर्स, १९९३ चा, तो तिघांचा खेळ. तिसऱ्याची वायरिंगही वेगळ्या कनेक्टरने.

इथेही तत्त्व तेच. या जादा बटणांच्या वायरी एका छोट्या बहु-पिन कनेक्टरमध्ये एकत्र आणा. तोच कनेक्टर बोर्डावर लागला पाहिजे आणि तोच संगणकाच्या बटण-कार्डावर.

एक सापळा आहे तो सांगतो. नव्या बहु-गेम बोर्डांत चौथं-पाचवं-सहावं बटण जामाच्याच २५, २६ आणि २७ व्या टोकांवर घेतलेलं असतं. मूळ जामात २७ वं टोक ग्राउंडचं. हार्नेसमध्ये ते ग्राउंडला जोडलेलं असलं तर असा बोर्ड समजतो की एक बटण कायम दाबलेलं आहे. "बोर्ड खराब निघाला" म्हणून परत पाठवलेल्या बोर्डांत असेही असणार.

मग हजार गेमवाला तयार बोर्डच का नको?

रास्त प्रश्न आहे. ते बोर्ड जामालाच बसतात, किंमत परवडते, होमस्टेमालकाला कदाचित तेवढंच पुरे. पण त्यांच्यातही आत एक छोटा संगणक एम्युलेटरच चालवत असतो, आणि तो कोणता, किती जुना, हे तुमच्या हातात नसतं. कुठे आवाज मागे पडतो, कुठे वेग चुकतो, सुधारणा करता येत नाही. आपला संगणक असेल तर मेमची नवी आवृत्ती आली की तुमचे खेळही सुधारतात.

आणि उलट बाजूने विचारतात, एम्युलेटर इतका चांगला असेल तर जुना बोर्ड हवाच कशाला? कारण एम्युलेटर बोर्डाचीच नक्कल आहे, आणि नक्कल बरोबर आहे की नाही हे ठरवायला मूळ चालू स्थितीत असावं लागतं. अस्सल मुस्तफाच्या बोर्डाची एक गंमत आहे. त्याचा आवाजाच्या बाजूचा प्रोसेसर सांकेतिक लिपीत काम करतो आणि तिची किल्ली एका बॅटरीच्या जोरावर टिकून असते. कॅपकॉमच्या पुढच्या सीपीएस-२ बोर्डांत तर बॅटरी संपली की अख्खा गेमच बंद. आपल्या पार्लरांत नकली बोर्डही पुष्कळ होते, तेव्हा तुमच्याकडचा कोणता ते आधी पाहा. अस्सल असेल तर त्याची बॅटरी जाणकाराकडून वेळेत बदलून घ्या. गोदामात पडून राहिलेला बोर्ड गुपचूप मरतो, वापरातला बोर्ड आजारी पडला की कळतो. म्हणून तो वापरात ठेवावा असं मला मनापासून वाटतं, आणि रोजच्या धुडगुसासाठी संगणक पुढे करावा.

रॉम उतरवून घेणं कायद्याला चालतं का?

एम्युलेटर वापरण्यात काही बेकायदा नाही. रॉमवर मात्र स्वामित्वहक्क असतो. आपल्या १९५७ च्या कॉपीराइट कायद्यातलं कलम ५२ संगणक प्रोग्रामची प्रत कायदेशीरपणे बाळगणाऱ्याला नाश-नुकसानीपासून बचाव म्हणून बॅकअप घेण्याची मुभा देतं. म्हणजे बोर्ड तुमचा असेल तर त्याच्या चिपमधला मजकूर उतरवून ठेवण्याला आधार आहे. ज्या गेमचा बोर्ड कधी पाहिलाही नाही त्याचे रॉम इंटरनेटवरून घेणं या मुभेत बसत नाही. पाहुण्यांकडून पैसे घेऊन खेळवणार असाल तर जास्तच सांभाळा. काही कंपन्या आपले जुने गेम अधिकृतपणे विकतात, आणि होमस्टेसाठी तो रस्ता मला सगळ्यात निर्धास्त वाटतो.

पहिल्यांदा चालू करताना

कपाटाच्या तळाला मरीन प्लाय लावा आणि सप्लाय, बोर्ड, संगणक तळाशी ठेवू नका, वरच्या फळीवर घ्या. २२ जुलै २०२१ ला चिपळूणच्या बाजारपेठेत वाशिष्ठीचं पाणी किती चढलं ते ज्यांनी पाहिलं त्यांना कारण सांगायची गरज नाही. मागच्या दाराला जाळीचे झरोके ठेवा. पावसाळाभर बंद असलेलं मशीन लगेच चालू करू नका, दोन दिवस कोरड्या हवेत दार उघडं ठेवा. मॉनिटरच्या रबरी टोपीभोवती मीठ आणि ओल बसली असेल तर चट्‌चट् आवाज येतो, तसा आला की ताबडतोब बंद करा आणि मेकॅनिकला बोलवा.

मग बोर्ड आणि संगणक दोन्ही न जोडता नुसता सप्लाय चालू करा. मल्टिमीटरची काळी पिन कनेक्टरच्या पहिल्या टोकावर, लाल तिसऱ्या-चौथ्यावर. ५ यायला हवेत. पाचव्यावर वजा ५, सहाव्यावर १२. वरच्या आणि खालच्या, दोन्ही बाजूंनी मोजा. त्यानंतर प्रत्येक बटणाच्या टोकावर. बटण सोडलेलं असताना तिथे कुठलंही व्होल्टेज दिसता कामा नये. दिसलं तर वायर चुकली आहे, पुढे जाऊ नका. हे सगळं जुळलं की वीज बंद करा आणि आधी संगणकाचं कार्ड लावा. कनेक्टरमध्ये काही चूक राहिली असेल तर ती त्याला भोवू दे. प्रत्येक बटण, प्रत्येक दिशा संगणकावर तपासा. सगळं बरोबर निघालं की वीज पुन्हा बंद करा, खाचेची चकती जागेवर आहे ना ते बघा आणि मग मुस्तफाचा बोर्ड बसवा.